बाबांबरोबर ब्रेविकला : जिथला धूर समुद्राखाली जातो

"नॉर्वेला येऊन सिमेंटचा कारखाना कोण बघतं गं, ताई?" धाकटीने फोनवरच हात टेकले. ती ओस्लोत नोकरीला आहे. आमच्यासाठी तिने दहा दिवसांचा बेत आखला होता. फ्योर्ड, बोटीची सफर, डोंगरावर चढणारी ती प्रसिद्ध ट्रेन, बर्गनचा मासळीबाजार, सगळं त्यात होतं. बाबांनी फक्त एक ओळ वाढवली होती. स्वतःच्या हाताने, वहीच्या पानावर, देवनागरीत : ब्रेविक.

बाबा एकाहत्तर वर्षांचे आहेत. त्यांची चौतीस वर्षं मध्य प्रदेशात, सतन्याजवळच्या एका सिमेंट कारखान्यात गेली. वर्ध्याहून ते नोकरीसाठी तिकडे गेले आणि तिथलेच झाले. आम्ही दोघी बहिणी कॉलनीत जन्मलो, भोंग्यावर उठलो, हिंदी शाळेत शिकलो आणि घरात मराठी बोललो. बाबा 'बर्नर' होते. सिमेंटच्या कारखान्यात किल्न म्हणजे आडवी, हळूहळू फिरणारी प्रचंड लांब भट्टी असते आणि तिची आच सांभाळणारा तो बर्नर. सुरुवातीच्या वर्षांत ते निळ्या काचेतून आत बघून, ज्वाळेच्या रंगावरून माल शिजला की नाही ते सांगायचे. पुढे कंट्रोल रूम आली, पडदे आले, पण सवय गेली नाही. आईने कढईत काही तळायला घेतलं की बाबा अजूनही लांबून म्हणतात, "आच जास्त आहे."

आमच्या लहानपणी कॉलनीवर पांढरी धूळ बसायची. पापड गच्चीत वाळत घालायची सोय नव्हती. तुळशीची पानं आई रोज सकाळी धुवायची, देवासाठी नव्हे, तुळस जगावी म्हणून. मग कधीतरी कारखान्यात धूळ पकडणारी यंत्रणा बसली. वीजभारित पत्र्यांवर धूळ खेचून घेणारी. ती बसवणाऱ्या टीममध्ये बाबा होते. काही महिन्यांत चिमणीवरचा पांढरा पट्टा नाहीसा झाला. पाहुणे आले की बाबा त्यांना गच्चीवर नेऊन दाखवायचे, "बघा, काही निघत नाही आता."

हे वाक्य त्यांनी आयुष्यभर अभिमानाने म्हटलं. दोन वर्षांपूर्वी माझी लेक, तेव्हा आठवीत होती, शाळेच्या प्रकल्पाचा तक्ता रंगवत बसली होती. तिने सहज विचारलं, "आजोबा, जगातला सात-आठ टक्के कार्बन डायऑक्साइड सिमेंटमुळे निघतो. तुम्हाला माहीत होतं?" बाबा काही बोलले नाहीत. चहा अर्धा ठेवून उठले. चिमणीतून काहीच निघत नाही असं ज्याने तीस वर्षं सांगितलं, त्याला नातीने सांगितलं की निघत होतं, फक्त दिसत नव्हतं.

त्यानंतर त्यांनी वाचायला सुरुवात केली. मोबाईलवर, चष्मा कपाळावर सरकवून, अक्षरं मोठी करून. आणि त्यातूनच ब्रेविकचं नाव आलं.

इथे थोडं रसायनशास्त्र सांगायला हवं, पण घाबरू नका, पानाला लागणाऱ्या चुन्याइतकंच ते सोपं आहे. चुनखडी भट्टीत भाजली की तिच्यातून कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि चुना उरतो. शंभर किलो शुद्ध चुनखडी भाजली तर चव्वेचाळीस किलो वायू उडतो, छप्पन्न किलो चुना हाती लागतो. सिमेंटची सुरुवातही अशीच होते. हा वायू कोळशाचा नाही, दगडाचा आहे. सिमेंट कारखान्यातून निघणाऱ्या कार्बन डायऑक्साइडपैकी साठ टक्क्यांच्या आसपास वायू या दगडातूनच येतो, बाकीचा इंधनातून. म्हणजे उद्या भट्टी कोळशाऐवजी दुसऱ्या कशावरही पेटवली, अगदी सूर्यावर चालवली, तरी दगडातला वायू निघणारच. वीजघराला सौरऊर्जा हा पर्याय आहे. चुनखडीला असा पर्याय नाही. निघालेला वायू धरून कुठेतरी ठेवणं, हाच मार्ग उरतो. बाबांच्या भाषेत, "दगड श्वास सोडणारच. तो कोंडायचा कुठे, एवढाच प्रश्न."

ब्रेविकला जायला ओस्लोहून पोर्सग्रुनपर्यंत ट्रेन आणि पुढे बस. पावणेदोन-दोन तासांचा ट्रेनप्रवास छान आहे. मध्येच समुद्र दिसतो, मध्येच शेतं, लाल रंगाची लाकडी गोदामं. पोर्सग्रुन चिनीमातीच्या भांड्यांसाठी ओळखलं जातं. तिथला कारखाना १८८५ सालचा. आई सोबत असती तर आमचा दिवस तिथेच संपला असता. गुडघ्यामुळे ती आली नव्हती, म्हणून तिच्यासाठी एक कप घेतला आणि आम्ही बस पकडली.

ब्रेविक हे गाव म्हणजे खरं तर पोस्टकार्डच. पांढरी लाकडी घरं, खिडक्यांत कुंड्या, छोटं बंदर, डुलणाऱ्या बोटी. शिडाच्या जहाजांच्या काळात इथून लाकूड जायचं, बर्फही जायचा. बर्फ विकून गावं श्रीमंत व्हायची हे ऐकून बाबा खूष झाले. सप्टेंबर होता, ऊन होतं पण स्वेटर निघत नव्हता. आणि या सगळ्या गोडव्याच्या पाठीशी, पाण्याच्या काठावर, करड्या रंगाचा तो कारखाना. सिमेंट इथे शंभरहून जास्त वर्षं बनतंय.

आत जायची परवानगी आमच्याकडे नव्हती. त्यामुळे जे काही पाहिलं ते रस्त्यावरून, कुंपणाबाहेरून. पण बाबांना तेवढं पुरेसं होतं. मला नुसते पाइप, मनोरे आणि सिलो दिसत होते. ते मात्र ओळखीच्या माणसांच्या गर्दीत उभं राहून बोट दाखवावं तसं दाखवत होते. "तो उंच आहे ना, तो प्रीहीटर. माल वरून खाली येतो, गरम हवा खालून वर जाते. तिकडे किल्न. हे आमच्याकडेही होतं. हे पण. हे..." आणि ते थांबले. मोठमोठे पाइप कारखान्यातून निघून एका नव्या, चकचकीत भागाकडे जात होते. "हे आमच्याकडे नव्हतं."

तोच तो भाग. जून २०२५ मध्ये त्याचं औपचारिक उद्घाटन झालं. सिमेंट कारखान्यात औद्योगिक प्रमाणावर कार्बन डायऑक्साइड पकडणारा हा जगातला पहिला प्रकल्प. वर्षाला चार लाख टन वायू पकडायचा, हे त्याचं माप. भट्टीतून निघणारा धूर आधी थंड करतात, मग एका उंच मनोऱ्यात खालून सोडतात. वरून अमाइन नावाच्या रसायनाचं पाणी झिरपत येतं. थंड असताना हे पाणी कार्बन डायऑक्साइड धरून ठेवतं, बाकीची हवा निघून जाते. मग ते पाणी दुसरीकडे नेऊन तापवतात, की ते वायू सोडून देतं आणि पुन्हा कामाला तयार होतं. सुटलेला वायू दाबून, थंड करून त्याचा द्रव करतात. कल्पना जुनीच आहे. ती या आकारात, सिमेंटच्या धुळकट धुरावर चालवणं हे नवीन.

बाबा कठड्याला टेकून बराच वेळ बघत होते. मग त्यांनी विचारलं, "चार लाख टन म्हणजे यांच्या एकूण वायूचा किती भाग?"

"अर्धा."

"अर्धाच का?"

मला वाटलं खर्च, जागा, असं काहीतरी असेल. मोबाईलमध्ये आम्ही शोधलं. खरं कारण वाचून बाबा हसले, कारण ते त्यांच्या खात्यातलं होतं. ते अमाइनचं पाणी तापवायला खूप उष्णता लागते. किल्नमधून जी उष्णता एरवी वाया जाते, तीच इथे वापरतात. आणि ती जेवढी मिळते तेवढ्यात अर्धाच वायू सुटा करता येतो. बाकीच्या अर्ध्यासाठी वेगळी आच पेटवावी लागेल. "आणि त्या आचेचा धूर?" बाबा म्हणाले. "तो पकडायला आणखी एक भट्टी? म्हणून अर्ध्यावर थांबले. शहाणे आहेत."

मग खिशातून वही निघाली. चार लाख भागिले तीनशे पासष्ट, रोजचे अकराशे टन. आमच्या कारखान्यात रोज तीन हजार टन क्लिंकर निघायचं, म्हणजे वायू साधारण अडीच हजार टन. "म्हणजे हा कारखाना आणि आमचा, एकाच अंगकाठीचे." पुढचा गुणाकार त्यांनी केला नाही. अडीच हजार टन, वर्षाचे दिवस, चौतीस वर्षं. पेन्सिल कागदावर टेकवली होती. मग वही मिटली.

मी काहीतरी बोलायला हवं होतं. "बाबा, तेव्हा कुणालाच..." एवढंच म्हटलं. त्यांनी मान हलवली. "मला माहीत आहे गं. धरणं बांधली आम्ही त्या सिमेंटवर. दवाखाने. तुमची शाळा. मी काही रडत नाही. हिशेब बघायला आलोय."

बंदराजवळच्या बेकरीत आम्ही दालचिनीचे बन घेतले. काउंटरवरच्या बाईंनी विचारलं, कुठून आलात? भारतातून, सिमेंटचा कारखाना बघायला, असं सांगितल्यावर त्यांनी एक बन फुकट दिला. बहुधा दया आली असावी. जहाजाबद्दल विचारलं तर म्हणाल्या, हल्ली येत-जात असतं.

ते जहाज हा या गोष्टीचा दुसरा अंक. ब्रेविकच्या धक्क्यावरून द्रवरूप वायू जहाजात भरतात, उणे सव्वीस अंशांच्या आसपास, दाबाखाली. 'नॉर्दर्न पायोनियर' आणि 'नॉर्दर्न पाथफाइंडर' ही खास या कामासाठी चीनमधल्या दालियानमध्ये बांधलेली जहाजं. लांबी १३० मीटर, पोटात साडेसात हजार घनमीटर मावतं. डेकवर एक उभा गोल खांब असतो. चिमणीसारखा दिसतो पण धूर सोडत नाही. तो फिरतो आणि वाऱ्याच्या मदतीने जहाजाला पुढे ढकलतो, जणू नव्या जमान्याचं शीड. बाबांच्या वहीप्रमाणे ब्रेविकचा कारखाना अशा एका जहाजाचं पोट आठवड्याभरात भरतो.

हे सगळं मिळून जी योजना आहे तिचं नाव 'लांगस्किप', म्हणजे व्हायकिंगांचं लांबट जहाज. (खरी व्हायकिंग जहाजं बघायची असतील तर थांबा, ओस्लोतलं ते संग्रहालय नव्या इमारतीच्या कामासाठी सध्या बंद आहे.) योजना २०२० मध्ये मंजूर झाली आणि खर्चाचा दोन-तृतीयांशाच्या आसपास भाग सरकारने उचलला. हे लक्षात ठेवायला हवं. एकट्या कंपनीने, बाजाराच्या हिशेबाने, हे केलं नसतं. ओस्लोच्या कचरा जाळणाऱ्या केंद्रालाही अशीच यंत्रणा बसायची आहे. तिथे खर्च वाढत गेला म्हणून २०२३ मध्ये काम थांबवलं आणि २०२५ च्या सुरुवातीला नव्याने सुरू केलं. नॉर्वेसारख्या श्रीमंत देशालाही खिसा चाचपावा लागला.

पुढचे दोन दिवस धाकटीच्या बेतानुसार गेले. ओस्लो ते बर्गन ही ट्रेन मात्र चुकवू नका. सहा-सात तास लागतात, पण फिन्से स्टेशन १,२२२ मीटर उंचीवर आहे आणि तिथे झाडंच नाहीत, नुसता खडक, पाणी आणि बर्फाचे ठिगळ. बाबा खिडकीला नाक लावून बसले होते, लहान मुलासारखे. बर्गनला पाऊस होता. बर्गनला पाऊस असतोच, छत्री नको, रेनकोट न्या.

बर्गनहून पश्चिमेला, एकामागून एक पूल ओलांडत, तासाभरात ओयगार्डन बेटांवर पोचलो. झाडं बुटकी, खडक उघडे, वारा सरळ समुद्रावरून. इथे ती जहाजं येतात. किनाऱ्यावर बारा उंच टाक्या रांगेत उभ्या आहेत. जहाजातला द्रव आधी या टाक्यांत आणि मग शंभर किलोमीटर लांबीच्या पाइपातून समुद्रतळाशी जातो. तिथून आणखी खाली, समुद्रतळाच्या २,६०० मीटर खाली असलेल्या खडकात. ऑगस्ट २०२५ मध्ये पहिला वायू खाली सोडला गेला. सुरुवातीची क्षमता वर्षाला पंधरा लाख टन. दुसऱ्या टप्प्यात ती किमान पन्नास लाखांवर न्यायचं काम सुरू आहे. इतर देशांचे कारखानेही आपला वायू इथे पाठवणार आहेत, भाडं देऊन.

"म्हणजे खाली गुहा आहे का?" धाकटीने विचारलं. मलाही तसंच वाटत होतं. पण खाली गुहा नाही, वालुकाश्म आहे. तिथे बघायला तशा दगडाचा एक तुकडा होता. हातात जड, दिसायला घट्ट. बाबांनी बाटलीतला पाण्याचा एक थेंब त्यावर टाकला. क्षणभर थेंब तसाच राहिला, मग दगडाने तो पिऊन टाकला. कणाकणांमध्ये बारीक पोकळ्या असतात, तिथे वायू मुरतो. आणि वर शेल नावाच्या चिकट, बारीक कणांच्या खडकाचं जाड झाकण, ज्यातून काही जात नाही. लोणच्याच्या बरणीला वरून तेलाचा थर असतो तसं, असं मी म्हटलं. बाबांना ती उपमा पटली नाही. "तेल वर तरंगतं. हे झाकण दगडाचं आहे."

सुटून वर आला तर? हा प्रश्न तुमच्या मनात आला असेल, आमच्याही आला. नॉर्वेला यातला अनुभव मात्र जुना आहे. १९९१ मध्ये त्यांनी कार्बनवर कर लावला. समुद्रातल्या स्लाइप्नर विहिरीच्या नैसर्गिक वायूत कार्बन डायऑक्साइड फार होता, तो वेगळा करून हवेत सोडला असता तर कर भरावा लागला असता. म्हणून १९९६ पासून तो समुद्रतळाखालच्या खडकात सोडतात. ध्वनिलहरी सोडून त्यावर नजर ठेवली जाते आणि वायू जागेवर आहे. उत्तरेच्या स्नोविट इथे मात्र खडकातला दाब अपेक्षेपेक्षा लवकर वाढला आणि वायू दुसऱ्या थरात वळवावा लागला. खडक प्रत्येक ठिकाणी वेगळा वागतो, आधीच्या अनुभवावर डोळे मिटून विसंबता येत नाही.

एक गोष्ट मला खटकली, ती लिहिते. हा साठवणुकीचा धंदा करणाऱ्या कंपन्या कोण, तर इक्विनॉर, शेल आणि टोटलएनर्जीज. म्हणजे ज्यांनी समुद्राखालून तेल आणि वायू उपसला, त्याच आता भाडं घेऊन खाली वायू पुरणार. धाकटी म्हणाली, "आग लावणाराच बंब विकतोय." बाबांचं मत वेगळं. "विहीर खणायची कुणाला येते? ज्याने आयुष्यभर खणली त्यालाच." दोघंही बरोबर आहेत असं मला वाटतं. मात्र 'आम्ही वायू पुरतो, म्हणून कोळसा जाळत राहू' असं एखादं वीजघर म्हणू लागलं, तर मी धाकटीच्या बाजूने असेन. वीज बनवायचे दुसरे मार्ग आहेत. सिमेंटचं तसं नाही.

परतीच्या बसमध्ये बाबांनी विचारलं, "सतन्याहून समुद्र किती लांब?"

मुंबई धरली तर हजार किलोमीटरच्या वर. नॉर्वेत कारखाना पाण्याच्या काठावर, आमचा विंध्याच्या कुशीत. सिमेंट बनवण्यात भारत जगात दुसरा आहे आणि आपले बहुतेक कारखाने चुनखडी जिथे आहे तिथे, म्हणजे समुद्रापासून दूर आहेत. पण समुद्रच लागतो असंही नाही. आइसलँडमध्ये वायू पाण्यात विरघळवून बेसाल्टमध्ये सोडला, तर दोन वर्षांत त्यातल्या पंचाण्णव टक्क्यांहून जास्त वायूचा पुन्हा दगड झाला. बेसाल्ट म्हणजे आपला काळा कातळ, सह्याद्रीचा, सगळ्या दख्खनचा. तो इथेही तसाच वागेल का, हे भोकं पाडून तपासल्याशिवाय कळणार नाही. जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात २०२१ पासून रोज पाच टन वायू पकडणारं युनिट आहे. बाबांनी वहीत लिहिलं : पाच. शेजारी लिहिलं : अकराशे.

"आणि तोवर?" मी विचारलं.

तोवर क्लिंकर कमी करायचं, हे त्यांचं उत्तर. वीजघरांची राख, पोलाद कारखान्यांची मळी मिसळलेलं सिमेंट आपल्याकडे कितीतरी वर्षांपासून बनतं. पोत्यावर 'पीपीसी' लिहिलेलं असतं ते राखेचं. जितकं क्लिंकर कमी, तितका भाजायचा दगड कमी. लोक मात्र दुकानात जाऊन अजूनही "राखेचं नको, प्युअर द्या" म्हणतात. बाबांनीही घर बांधताना तेच म्हटलं होतं. हे त्यांनी स्वतःहून सांगितलं.

बर्गनच्या हॉटेलवर रात्री व्हिडिओ कॉल लावला. लेक पडद्यावर आली आणि पहिलंच विचारलं, "आजोबा, दिसलं का?"

"वायू कसा दिसेल बाळ," बाबा म्हणाले. "पाइप दिसले." मग चष्मा लावला, वही कॅमेऱ्यासमोर धरली आणि प्रीहीटरपासून समजावायला सुरुवात केली. वीस मिनिटांनी मी झोपले, तेव्हा ते अजून अमाइनच्या मनोऱ्यापर्यंतच पोचले होते.